मामा गेले

टीव्हीवर कुणी मोठा माणूस वारल्याची बातमी आली आणि ती मला घरात सांगायची झाली, तर मी आधी त्याचं पूर्ण नाव घेते. मग "सिनेमातले" नाहीतर "क्रिकेटमधले" असं सांगते. मग "आपले कुणी नव्हेत" हेही सांगते, आणि एवढं सगळं झाल्यावर वारले म्हणते. "गेले" हा शब्द तर मी तोंडातून काढतच नाही. माझी पोरं हसतात मला. हसू देत. त्यांनी कुठं कुणाला फोनवरून मारलंय?

मी मारलं होतं, माझ्या सख्ख्या बापाला. तेही तो माझ्यापासून पन्नास पावलांवर खाटेवर बसून चहा पीत असताना.

नव्वदीचं दशक सरत आलं होतं तेव्हाची गोष्ट. आमचं गाव निमगाव सावा. मी लग्न होऊन नारायणगावला आले होते, घरी शिवणाचं मशीन टाकलं होतं, बरं चाललं होतं. त्या वर्षी माझ्या वडिलांचा, म्हणजे आण्णांचा, आवाज बसला. आधी सगळ्यांनी थंडीवर घातलं, मग कांद्याच्या धुरळ्यावर, मग तंबाखूवर. तंबाखूवर घातलं ते बरोबर होतं. पुण्याच्या डॉक्टरांनी घशात गाठ असल्याचं सांगितलं आणि बोलण्याची पेटीच काढावी लागेल म्हणाले. जीव वाचेल, आवाज जाईल. आण्णा दवाखान्यातून जे उठले ते थेट एसटीत येऊन बसले. म्हणाले, "मुक्यानं जगून काय शेळ्या हाकायच्या? शेळ्यांनाबी आवाज द्यावा लागतो."

त्यांना ऑपरेशनला तयार केलं ते आमच्यापैकी कुणी नाही. तयार केलं मामांनी.

हे मामा म्हणजे तमाशातले सोंगाडे. आमच्या भागात तमाशाच्या गप्पांत नुसतं "मामा" म्हटलं की तेच, दुसरं कुणी नाही. नारायणगावात फडांच्या राहुट्या पडतात, गावोगावचे जत्रावाले तिथं येऊन खेळाची सुपारी देतात. आण्णा आमच्या गावच्या जत्रा कमिटीत होते आणि बाकी कमिटी काहीही म्हणो, ह्यांची सुपारी मामांच्याच फडाला. एकदा तर कमिटीचं ठरलं दुसऱ्याच फडाचं, आणि हे सुपारीचा नारळ देऊन आले मामांना. वर म्हणाले, माझा पाय तिकडं वळला त्याला मी काय करू.

मामांनाही हाच आजार झाला होता. आण्णांच्या आधी दोन वर्षं. त्यांचीही पेटी काढली. सगळ्यांना वाटलं, संपला माणूस, सोंगाड्याची सगळी भाकरी जिभेवर. पण पुढच्याच हंगामात मामा गळ्याला मफलर गुंडाळून बोर्डावर, म्हणजे तमाशाच्या स्टेजवर, उभे राहिले. बोलायचं दुसऱ्यानं, आणि ह्यांनी नुसता चेहरा करायचा. कुणी पाटील झालेला नट तावातावानं भाषण करायला लागला की मामा मागून नुसती एक भुवई वर करायचे. अख्खा तंबू लोळायचा हसून. आमच्या जत्रेत मी स्वतः बघितलंय. हसता हसता आण्णांच्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं आणि ते पुसायचंही भान नव्हतं त्यांना.

तेच आठवून एका सकाळी आण्णा म्हणाले, "मामा उभा ऱ्हातो तर मला काय धाड भरलीय. चला पुण्याला."

अशा तऱ्हेनं आमचं ऑपरेशन ठरलं. एका सोंगाड्याच्या भुवईवर.

पुण्याला जायच्या तीनेक आठवडे आधी घरात एक तमाशा झाला तोही सांगायला पाहिजे. सिनेमात आईची कामं करणारी एक नटी वारली. माझ्या आईची भारी लाडकी. आईचं माहेर आंबेगाव तालुक्यात, घोडेगावच्या पुढं, आणि ती लहान असताना घोडेगावला तंबूत सिनेमा यायचा. तिथं तिनं त्या बाईला पहिल्यांदा पडद्यावर रडताना पाहिलं, आणि तेव्हापासून ती बाई म्हणजे हिची कुणीतरी झाली. बातमी ऐकली तशी आई उठली, न्हाणीत गेली आणि अंगावरून पाणी घेतलं. लुगड्यासकट. नातलगाची मयत कळल्यावर घेतात तसं. त्या दिवशी तिनं चूलही पेटवली नाही. शेजारणीनं भाकरी आणि पिठलं आणून दिलं, आणि शेजारणीलाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

आण्णांच्या घशातून तेव्हा शब्द खरवडून यायचा, पण थट्टा करायची हौस फिटली नव्हती. म्हणाले, "काय गं, सुतक किती दिवसांचं धरलंय? तिच्या घरच्यांनी तरी आंघोळ केली का? का तूच उरकलीस सगळ्यांची?"

आई ओल्या केसांनी दारात बसून राहिली. मला तेव्हा आईची लाज वाटली होती, खोटं कशाला बोलू. मी शिकलेली, नारायणगावात राहणारी. मी म्हणाले, "आई, ती तुला ओळखत तरी होती का?" आई म्हणाली, "मी वळखत व्हते की. एकानं वळखलं तरी बास."

पुण्याच्या दवाखान्यात मी आण्णांपाशी राहिले. आईला मुद्दामच मागं ठेवलं होतं. ती आली असती तर दिवसभर डोळ्याला पदर लावून बसली असती आणि आण्णांनी तिच्याकडं बघून पुन्हा एसटी गाठली असती. ऑपरेशनच्या दिवशी सकाळी तिला आणायचं असं ठरलं होतं.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशीची सकाळ. शेजारच्या खाटेवर एक मंचरकडचे म्हातारबाबा होते, त्यांच्या उशाशी ट्रान्झिस्टर. सकाळच्या बातम्या चालू होत्या. पाऊसपाणी, मंत्री, कुठलंसं धरण. आणि मग बाईनं सरळ आवाजात सांगितलं की तमाशातले ज्येष्ठ सोंगाडे 'मामा' ह्यांचं घशाच्या जुन्या आजारानं निधन झालं.

वॉर्डातली सात-आठ माणसं ट्रान्झिस्टरकडं वळली. सगळी आपापल्या मुलखातली, पण मामा सगळ्यांना माहीत. म्हातारबाबांनी ट्रान्झिस्टर बंद केला, जसा काही त्यांचाच गुन्हा होता. मी आण्णांकडं बघितलं. त्यांच्या हातात चहाची बशी होती. ती त्यांनी न सांडता खाली ठेवली, तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाले, "सामान भर."

मी म्हणाले, "आण्णा, असं काय करता? त्यांचं वेगळं."

"वेगळं काय? घसा वेगळा व्हता त्याचा? ह्यांनी कापला, दोन वर्सं नाचला आन खपला. मला न्हाई कापून घ्यायचं. मरायचं तर बोलत मरतो."

नर्स आली, डॉक्टर आले. डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं की प्रत्येक माणसाचं दुखणं निराळं. आण्णांनी ऐकून घेतलं आणि सहीचा कागद उलटा करून ठेवला.  मला मामांचं वाईट वाटायला वेळच मिळाला नाही, मला राग आला त्यांचा. मेल्या माणसाचा राग येतो का कुणाला? मला आला. म्हटलं, अहो, आयुष्यभर लोकांना हसवलंत, अजून दोन दिवस दम काढला असता तर काय बिघडलं असतं?

आता आईच हवी होती. आण्णांनी ऐकलं असतं तर तिचंच. मी धावत गेटापाशी गेले. तिथं एसटीडीचा बूथ होता, आत लाल फोन. आमच्या घरी फोन नव्हता. गावात फोन होता तो माझ्या आतेभावाच्या बूथवर. आमची आत्या गावातच दिलेली, तिचा हा मुलगा. माणूस सोन्यासारखा, पण ऐकायचं अर्धं आणि धावायचं दुप्पट असा स्वभाव. तमाशाचा मात्र आण्णांइतकाच नादी.

फोन लागला. मी रडतच होते. म्हणाले, "भाऊ, मामा गेले."

पलीकडं खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "काय सांगतीस? कवा?"

"सकाळी. आत्ताच कळलं. आता उद्याचं ऑपरेशन काय व्हत नाय. आईला घेऊन तू…"

तेवढ्यात तो हंबरडा फोडून रडायला लागला. मला नवल वाटलं नाही. मामांपायी हा एकदा ओतूरच्या पुढं सायकलवर गेला होता तमाशाला. रडणारच. मी पुढं बोलत राहिले, आईला पहिल्या गाडीनं इकडं आण, आण्णांना तिच्याशिवाय कुणी आवरणार नाही. किती त्याला ऐकू गेलं आणि किती खरखरीत गेलं, देव जाणे. शेवटी मला एवढंच ऐकू आलं, "ताई, तू धीर सोडू नकोस. मी बघतो सगळं." आणि फोन कट झाला.

मला केवढं बरं वाटलं. मी बघतो सगळं म्हणाला ना, आता आई येईल. मी आण्णांना जाऊन सांगितलं, आई येईपर्यंत तरी थांबा. ते थांबले. आईला न भेटता एसटीत बसायची त्यांचीही टाप नव्हती.

आणि तेव्हाच मला कळायला हवं होतं. आण्णा मला आण्णा. आईला "अहो". पण त्याच्या आईचे ते भाऊ. तो त्यांना लहानपणापासून काय म्हणत आला होता?

मामा.

दहा वाजले, बारा वाजले, आई नाही. दोनच्या सुमारास मी जिन्यापाशी उभी होते तर खालून चार माणसं वर येताना दिसली. पुढं माझा आतेभाऊ. डोक्याला टॉवेल. डोळे सुजून लाल. मागं आमच्या भावकीतले दोघं आणि टोमॅटोची पिकअप चालवणारा गावातला एक. त्यांच्यातल्या एकाच्या काखेत पांढऱ्या कापडाची नवी घडी होती. मी ती घडी बघितली आणि मला वाटलं, दवाखान्यात दुसरं कुणी आपल्या गावचं गेलं की काय? इतकी मी अक्कलशून्य.

आतेभावानं मला बघितलं, माझ्या गळ्यात पडला आणि म्हणाला, "मामा कुठं ठेवल्यात?"

मी म्हणाले, "कुठं म्हणजे? आत. चहा पितायत."

त्याचा चेहरा मी अजून विसरले नाही. तो मला बाजूला सारून वॉर्डात गेला. आण्णा खाटेवर मांडी घालून बसले होते, पाठ भिंतीला, हातात पेला. चौघं रांगेत उभे राहिले.  पिकअपवाल्यानं ते पांढरं कापड पाठीमागं लपवायचा प्रयत्न केला, पण साडेतीन वाराची घडी कुठं लपते?

आण्णांनी कापड बघितलं. भाच्याचे डोळे बघितले. गावचाच माणूस, त्याला काय समजावून सांगावं लागतं? घशातून खरखरत विचारलं, "कुणाला न्ह्यायला आलाय, भाच्या?"

भाचा खाटेच्या पायाशी खालीच बसला आणि लहान पोरासारखा रडला. मी भिंतीला टेकले. माझ्या डोक्यात एकच गोष्ट चालली होती. हे इथं आले म्हणजे गावाला कळलं. गावाला कळलं म्हणजे आईला कळलं.

"मामी," मी म्हणाले. मी आईला कधी मामी म्हणत नाही, पण त्याच्याकडं बघून तेच तोंडात आलं. "मामीला सांगितलंस तू?"

त्यानं मान वर केली नाही.

पिकअपवाल्यानं सांगितलं ते हळूहळू. आतेभाऊ बूथचं शटर न ओढताच आमच्या घरी धावत गेला होता. आई जोत्यावर लसूण निवडत बसली होती. त्यानं तिथंच सांगितलं. खरं तर आमच्याकडं माती उचलायच्या वेळी बायका जवळ येऊन बांगड्या फोडतात, त्याआधी नाही. पण आईनं कुणाची वाट बघितली नाही. लसणाचं ताट बाजूला केलं आणि दोन्ही मनगटं जोत्याच्या दगडावर आपटली. एकदाच. सगळा चुडा फुटला, मनगटातून रक्त आलं.  चुलतीनं तिला कडेला घेतलं. भावकी जमली. लाकडं आली. ग्रामपंचायतीपाशी फळ्यावर कुणीतरी खडूनं आण्णांचं नावही लिहून टाकलं.

  मीच मारलं म्हणत मी तिथं वॉर्डाच्या मधोमध बसून घेतलं. नर्स धावत आली. आतेभाऊ उठून खाली गेटापाशीच्या बूथवर पळाला, गावात उघड्या टाकलेल्या आपल्या बूथला फोन करायला. त्यानं फोनवर काय सांगितलं ते नंतर कळलं. "मामा जिते हायत, आपले मामा जिते हायत, ते तमाशातले गेले," असं तो तीन वेळा ओरडला आणि पलीकडच्यानं तिन्ही वेळा "कोणते मामा?" विचारलं.

आणि आण्णा? मला वाटलं आता हा माणूस उठेल आणि चालायला लागेल. ते उलट सावरून बसले. पेला बाजूला ठेवला. पिकअपवाल्याला म्हणाले, "माणसं किती व्हती?"

"कुठं, आण्णा?"

"माझ्या दारात."

"लई. गल्ली भरली व्हती."

"बांधावरचा आला व्हता का?" बांधावरचा म्हणजे शेजारचा शेतकरी, ज्याच्याशी आमचं बारा वर्षं बोलणं नव्हतं.

"आला व्हता की. लाकडं त्यानंच काढून दिली."

आण्णा मग हसले. घशातून आवाज नाही, नुसते खांदे हलत होते. "फळ्यावर कैलासवासी लिवलं का नुसतं नाव?"

"कैलासवासी लिवलंय. पुसाय सांगतो."

"ऱ्हाऊ दे आजच्या दिवस."

मला त्यांचा असा संताप आला की काय सांगू. तिकडं आई हात फोडून बसलीय आणि हे माणसं मोजतायत. पण मग ते जे बोलले ते ऐकून राग विसरले. डोक्यावर कावळा बसला तर आमच्याकडं काय करतात? त्या माणसाच्या नातलगांना मुद्दाम खोटा सांगावा धाडतात, तो मेला म्हणून. नातलग रडतात, मग खरं कळतं. रडून झालं म्हणजे मरण येऊन गेलं, आता परत यायचं नाही, असं म्हातारी माणसं मानतात. आण्णा म्हणाले, "भाच्या, तू रडू नगं. तू कावळ्याचा सांगावा पोचवलास. रडून घेतलं लोकांनी. आता माझं काय व्हत न्हाई."

मग मला म्हणाले, "आण तो कागुद."

मी कागद सुलटा करून दिला. त्यांनी सही केली. माझ्या एका चुकीनं जे बिघडलं होतं ते अर्धं असं सावरलं. उरलेलं अर्धं दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात आलं.

आई आली ती दोन्ही हात पदरात गुंडाळून. कपाळावर कुंकू होतं, गळ्यात मंगळसूत्र होतं. ती आण्णांजवळ बसली. ते तिच्याशी बोलत होते, खरं तर तेच शेवटचं बोलणं, आणि मी दार अडवून उभी राहिले की कुणी मध्ये येऊ नये. काय बोलले ते मला माहीत नाही, विचारलंही नाही. त्यांना आत न्यायला आले तेव्हा आईनं त्यांचा हात धरला आणि पदर सरकला. मनगटाला पट्टी बांधलेली, बाकी हात रिकामे. सवाष्णीचे रिकामे हात मी त्याआधी कधी बघितले नव्हते. आण्णांनी बघितले, मान फिरवली आणि त्यांना नेलं.

ते जगले. सात वर्षं जगले. गळ्याला मफलर, हातात टाळी. बोलवायचं असलं की टाळी वाजवायचे. मामांसारखी भुवई उडवायला शिकले, गावच्या पारावर बसून आल्यागेल्याची टर उडवायचे तोंडातून शब्द न काढता. लोक म्हणायचे, मामांचा वारसा निमगावला आला.

पण आईनं बांगड्या भरल्या नाहीत.

पहिल्या महिन्यात मी म्हटलं, जखम भरू दे. मग संक्रांत आली. मी नारायणगावच्या बाजारातून हिरव्या बांगड्यांचा डझन आणला. आई म्हणाली, "ठेव तिथं." फडताळात गेल्या त्या तिथंच राहिल्या. चुलतीनं सांगितलं, नवरा जिता असताना हात उघडे ठेवू नयेत, अपशकून असतो. आईनं ऐकून घेतलं. बायका कुजबुजायला लागल्या. हळदीकुंकवाला तिला बोलवायचं की नाही ह्याची घरोघरी चर्चा व्हायला लागली. शेवटी काहींनी बोलवायचं सोडून दिलं. माझ्या मुलाच्या बारशाला आई पाळण्यापासून लांब, भिंतीशी उभी राहिली. "पुढं ये की," म्हटलं तर म्हणाली, "असू दे, सवाष्णींना पुढं जाऊ दे." माझ्या स्वतःच्या घरात, माझ्या मुलाच्या बारशाला.

मी काय समजायचं ते समजले. तिनं मला कधी एका शब्दानं बोल लावला नाही. पण हात रिकामे ठेवले. मी तिच्यासमोर बसले की ते हात माझ्यासमोर असायचे, भाकरी थापताना, चहा देताना, माझ्या पोराला उचलताना. सात वर्षं. मला वाटायचं, आई, एकदा शिव्या दे, चार लोकांत दे, पण हे नको. विचारायची हिंमत झाली नाही.

त्या वर्षांत मोठी माणसं वारतच होती. एक गाजलेला नट अचानक, एक गायिका, कुणी खेळाडू अपघातात. मी माहेरी असताना बातमी आली की आम्ही तिघंही थबकायचो. आण्णा टाळी वाजवून टीव्हीचा आवाज वाढवायला सांगायचे. आई न्हाणीत जाऊन अंगावरून पाणी घ्यायची. मी आईच्या हातांकडं बघायची आणि लगेच दुसरीकडं बघायची. जगाला त्या माणसांचं दुःख व्हायचं. मला मात्र प्रत्येक वेळी तो लाल फोनच दिसायचा.

मग एका उन्हाळ्यात आण्णा खरंच वारले. दुपारी जेवून आडवे झाले आणि उठले नाहीत. ह्या वेळी बांधावरच्यानंच सगळं केलं. माती उचलायच्या वेळी चुलती सवयीनं पुढं आली, आईचं मनगट धरलं आणि तशीच थांबली. फोडायला काहीच नव्हतं. आईनं मंगळसूत्र स्वतःच काढून दिलं.

महिना झाल्यावर आई नारायणगावला माझ्याकडं आली. बाजारचा दिवस होता. म्हणाली, "कासाराकडं जाऊ." मला वाटलं माझ्यासाठी. कासारानंही मलाच विचारलं, कोणत्या दाखवू. आईनं पदर मागं घेतला आणि दोन्ही हात त्याच्यापुढं केले. "हिरव्या. भरून."

कासार गोंधळला. आईच्या कपाळाकडं बघितलं, मग माझ्याकडं. "मावशी, तुम्हाला?"

"मला."

मी तिच्या कानाशी वाकले. "आई, लोक काय म्हणतील? आण्णा असताना कधी घातल्या नाहीस आणि आता?"

आई माझ्याकडं न बघता बोलली, कासाराच्या हातातल्या काचेकडं बघत. "त्या दिवशी देवानं बांगड्या घेतल्या आन माणूस ठेवला. मी परत घातल्या असत्या तर त्यानं माणूस मागितला असता. म्हणून हात मोकळे ठेवले. आता कुणासाठी भ्यायचं?"

 सात वर्षं. बारसं, संक्रांती, बायकांची कुजबुज. कसंबसं म्हणाले, "मग सांगितलं का नाहीस? मला वाटलं तू माझ्यावर रागावलीस. फोन मी केला होता."

"सांगितलं तर फळत न्हाई," आई म्हणाली. मग पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं, खरंच चकित होऊन. "तुझ्यावर कशाला रागवू? तुझ्या फोनामुळंच तर सात वर्सं मिळाली मला."

कासारानं तिचा हात दाबून एकेक बांगडी चढवली. डावा हात भरून झाल्यावर आईनं उजवा पुढं केला.